लंकेचा धडा आणि आपले मंडळ

यंदाच्या वार्षिक सभेत एक सूचना आली. अध्यक्षा सर्व सभासदांनी थेट निवडावी व पाच वर्षे तिला कोणी हलवू नये. आज कार्यकारिणी अध्यक्षा निवडते आणि काम नीट न झाल्यास बदलते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. परंतु हाच प्रश्न शेजारच्या श्रीलंकेने अनुभवला आहे. तो इतिहास भगिनींपुढे ठेवते.

१९४८ साली स्वतंत्र झालेल्या सिलोनात आपल्यासारखीच संसदीय पद्धत होती. १९६० साली सिरिमावो बंदरनायके तेथे पंतप्रधान झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री. पुढे १९७८ साली जयवर्धने यांनी पद्धत बदलली. सरकार स्थिर राहावे म्हणून खरी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे गेली. १९९४ साली सिरिमावोबाई पुन्हा पंतप्रधान झाल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षा होत्या त्यांच्या कन्या चंद्रिकाबाई. खुर्ची तीच, पण किल्ल्या लेकीच्या कमरेला!

२०२२ साली तेथे औषधे, इंधन, स्वयंपाकाचा गॅस मिळेना. बायाबापड्या रांगेत तिष्ठत राहिल्या. मे महिन्यात पंतप्रधान महिंदा राजपक्षे गेले. राष्ट्राध्यक्ष असलेले त्यांचे बंधू गोटाबाया मात्र राहिले. त्यांना काढायचे तर संसदेत दोन तृतीयांश मते हवीत, शिवाय सर्वोच्च न्यायालयाची चौकशी. अखेर जुलैत लोक त्यांच्या निवासस्थानात शिरले, तेव्हा ते देश सोडून गेले.

आपल्याकडे १९९९ साली वाजपेयींचे सरकार लोकसभेत एका मताने पडले. दीड वर्षात दुसरी निवडणूक आली, खर्च झाला, हे खरे. पण निकाल सभागृहातच लागला. स्थैर्य व जबाबदारी सारख्या मापाने मिळत नाहीत, म्हणून मसुद्याने जबाबदारीला अधिक मान दिला, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले होते.

अर्थात नुसत्या पद्धतीवर विसंबून चालत नाही. आणीबाणीत, १९७६ साली, आपल्याच लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली. घर कितीही पक्के असले तरी कडी आपणच लावावी लागते.

सूचना मांडणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. दरवर्षीच्या ओढाताणीला त्या कंटाळल्या आहेत. तरीही माझे मत जुन्या नियमाकडे आहे. अध्यक्षा निवडण्याइतकेच तिला गोडीने निरोप देणेही सोपे असावे. पुढील सभेत प्रत्येकीने विचार करूनच हात वर करावा, एवढीच विनंती.