चिंध्यांवर उभें राहिलेलें नगर : प्रातो

इटलीचें नांव निघालें कीं श्रोत्यांच्या मनासमोर रोमचीं भग्न मंदिरें, व्हेनिसचे कालवे आणि फ्लॉरेन्समधील चित्रशाळा उभ्या राहतात. फ्लॉरेन्सच्या वायव्येस सुमारें पांच कोसांवर, बिसेंत्सिओ नदीच्या कांठीं वसलेल्या प्रातो नगराकडे प्रवाशाचीं पावलें सहसा वळत नाहींत. तेथेंहि दोनातेल्लोच्या हातचें प्रवचनपीठ आहे. परंतु या नगराचें खरें वैभव निराळेंच. जगानें टाकून दिलेल्या लोंकरी चिंध्यांतून नवें कापड विणून या गांवानें आपला संसार चालविला.

कापडाचा धंदा तेथें आला तो नदीमुळें. मध्ययुगांत बिसेंत्सिओला बांध घालून तिचें पाणी लहान लहान पाटांनीं गांवभर खेळविण्यांत आलें. त्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालत, आणि विणलेलें लोंकरी कापड कुटून दाट करणारे लांकडी हातोडेहि चालत.

त्या काळच्या व्यापाराचें चित्र आज इतकें स्पष्ट दिसतें, तें एका माणसाच्या संवयीमुळें. १३४८ च्या महामारींत आईबाप गमावलेला फ्रान्चेस्को दातिनी पंधराव्या वर्षाच्या सुमारास आविन्यों येथें गेला, धनाढ्य झाला आणि परत येऊन त्यानें पिसा, जेनोवा, बार्सिलोनापर्यंत पेढ्या घातल्या. वहीच्या शिरोभागीं तो देवाचें आणि नफ्याचें नांव एका ओळींत लिही. आपल्याकडील ‘शुभ-लाभ’ हा त्याचाच अधिक सभ्य भाऊ म्हणावयाचा! १४१० मध्यें वारतांना त्यानें बहुतेक संपत्ति गांवच्या गरिबांसाठीं ठेविली. त्याहून मोठा ठेवा म्हणजे त्याचे कागद. आलेला चिटोरा फेकावयाचा नाहीं, हा त्याचा शिरस्ता. सुमारें दीड लाख पत्रें आणि शेंकडों चोपड्या त्याच्याच घरांतील जिन्याच्या पोकळींत विसरल्यासारख्या पडून होत्या, त्या १८७० मध्यें उजेडांत आल्या.

१५१२ च्या ऑगस्टमध्यें स्पॅनिश सैन्यानें नगर लुटलें, हजारों माणसें कापलीं गेलीं. त्यानंतर प्रातो शतकानुशतकें फ्लॉरेन्सच्या छायेंत राहिलें.

एकोणिसाव्या शतकांत चिंध्या आल्या. जुनी लोंकर उकलून तिचा पुन्हा धागा करण्याची युक्ति इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत १८१३ च्या सुमारास निघाली. प्रातोनें ती उचलली आणि तींत असें प्रावीण्य मिळविलें कीं, चिंध्या म्हणजे प्रातो असें समीकरण झालें. देशोदेशींहून जुने कोट, गणवेश, मोजे यांचे गठ्ठे तेथें येत. गठ्ठा फुटला कीं पारखी बसत. लोंकर कोणती, तिचा तंतु लांब कीं आंखूड, हें बोटांच्या स्पर्शानें ओळखावयाचें. गुंड्या, अस्तरें, शिवणी काढावयाच्या. मग रंगाप्रमाणें ढीग. ही निवड इतकी बारीक असे कीं, चिंध्यांचे रंग एकमेकांत मिसळूनच हवी ती छटा साधे आणि पुन्हा रंगविण्याचें बहुधा कारणच पडत नसे. सुताचा अंश राहिला असेल तर तो आम्लानें जाळीत. पुढें दांतेरी यंत्रांत चिंध्या फाडून तंतु मोकळे करीत, त्यांत थोडी नवी लोंकर घालून पिंजीत, कांतीत आणि विणीत. धूळ, दमटपणा आणि आम्लाचा दर्प यांत कामकऱ्यांचें आयुष्य जाई. स्वस्त आणि उबदार कोट अंगावर घालणाऱ्यास तें दिसत नसे.

या कामकऱ्यांनीं १९४४ च्या मार्चमध्यें, इटलीचा उत्तर भाग जर्मनांच्या ताब्यांत असतां, संप केला. गिरण्या थंडावल्या आणि लागलीच धरपकड सुरू झाली. संपाशीं संबंध नसलेलेहि तींत सांपडले. शंभरांहून अधिक माणसें ऑस्ट्रियांतील माउटहाउझेनच्या छळछावणींत धाडण्यांत आलीं आणि तेथून पुष्कळांना एबेन्झे येथील बोगद्यांच्या खोदकामास जुंपलें. फारच थोडे परतले. त्याच वर्षीं ६ सप्टेंबरला, नगर मुक्त होत असतांनाच, जवळच्या फिल्यीने गांवीं २९ प्रतिकारकांना फांशीं दिलें गेलें. १९८७ मध्यें प्रातोनें त्याच एबेन्झेशीं भगिनीनगराचें नातें जोडलें. जेथें आपलीं माणसें मेलीं त्या गांवाच्या दारीं स्नेहासाठीं जाणें हें सोपें काम नव्हे.

युद्धानंतर मोठ्या गिरण्यांनीं कामकरी कमी केले, त्यांनाच माग विकले आणि बाहेरून काम देण्याची पद्धत घातली. तळमजल्यावर माग आणि वरती बिऱ्हाड, असें घरोघर झालें. मालक आणि मजूर एकाच देहांत आले. मध्यरात्रीपर्यंत राबण्याबद्दल दोष देण्यास मात्र दुसरा कोणी उरला नाहीं.

१९९० नंतर चीनच्या वेन्झौ भागांतून हजारों माणसें आलीं आणि तयार कपडे शिवण्याचे कारखाने निघाले. जुन्या रहिवाशांत कुरबूर झाली. १ डिसेंबर २०१३ रोजीं सकाळीं अशाच एका कारखान्यास आग लागली. तेथेंच राहणारे सात चिनी कामकरी आंत मेले. मग सरकारी तपासणी वाढली. ती आधीं कां झाली नाहीं, हा प्रश्न गांवानें पुष्कळ दिवस विचारला.

कांपोल्मी नांवाच्या जुन्या गिरणींत आतां वस्त्रसंग्रहालय आहे. चिंध्यांचे गठ्ठे मात्र गांवच्या वखारींत अद्यापि उतरतात, आणि लोंकर हातांनीं चाचपून रंगारंगाचे ढीग लावण्याचें काम तेथें चालूच आहे.