कागदाचे शिपाई

वॉरगेमिंग म्हटलं की डोळ्यांसमोर शिशाचे नाहीतर प्लास्टिकचे सैनिक येतात. टेबलावर मांडलेलं रणांगण, मोजपट्टी, फासे आणि तासन् तास बसून रंगवलेल्या पलटणी. त्यात कागदाचा सैनिक म्हणजे स्वस्तातली हौस, असं बरेच जण समजतात. पण मंडळी, गंमत बघा, या खेळाची वंशावळ काढायला बसलं तर कागद बराच मागे सापडतो.

ऱ्हाइन नदीजवळचं स्ट्रासबुर्ग १६८१ साली फ्रान्सच्या ताब्यात आलं. सरहद्दीवरचं शहर, त्यामुळे छावणी कायमची. १७४४ मध्ये राजा पंधरावा लुई इथे आला, आणि त्या सुमाराला इथे सैनिकांची छापील पानं निघू लागली असं मानलं जातं. एका पानावर ओळीने शिपाई. ते रंगवायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे, कापायचे आणि उभे करायचे. पुढे पुढे लोक स्वतःच चित्रं काढू लागले. हे काही पोरांपुरतं राहिलं नाही, मोठी माणसं अख्ख्या रेजिमेंट उभ्या करू लागली.

नियमबद्ध युद्धखेळ त्यानंतरचा. प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी 'क्रीगस्पील' घडवला, त्यातल्या मुलाचे नियम १८२४ साली छापले गेले. त्यात सैनिक नव्हतेच, नकाशावर लाल-निळे ठोकळे सरकायचे. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या धातूच्या सैनिकांना घरगुती नियम दिले.

आता प्रत्यक्ष करणीकडे वळू. कागदी शिपायाला पुढची आणि मागची अशी दोन चित्रं लागतात, आणि मागच्याची बाह्यरेषा पुढच्याची आरशातली प्रतिमा हवी. नाहीतर पुढून उजव्या हातात दिसणारी बंदूक मागून डाव्या हातात जाते! जाड कागदावर घडीची रेघ बोथट टोकाने दाबून घ्यायची, गोंद पातळ लावायचा, घडी घालून जाड पुस्तकाखाली ठेवायची. सुकल्यावरच कापायचं. पाण्याचा रंग एकाच बाजूला भरपूर दिला की कागद वाकतो, म्हणून पातळ हात, आलटून पालटून. शेवटी कापलेली पांढरी कड गडद रंगाने झाकली की शिपाई एकदम जिवंत वाटतो.

खरी अडचण कुंचल्याची नाहीच. अडचण ही, की कॉलर कुठल्या रंगाची? नेपोलियनने १८०६ मध्ये पायदळाला पांढरे गणवेश द्यायचा हुकूम काढला, आणि १८०७ मध्ये तो बेत गुंडाळला. म्हणजे मधल्या काळात कोणी निळे, कोणी पांढरे. ढोलवाल्यांचा पोशाख तर बऱ्याचदा कर्नलच्या मर्जीवर. सरकारी कागदात एक आणि अंगावर भलतंच! अशा वेळी अभ्यासक स्ट्रासबुर्गच्या कागदी शिपायांकडे वळतात, कारण त्यातले काही तरी खऱ्या पलटणी पाहिलेल्या माणसांनी रंगवले. पण सावधपणे. पुढच्या चित्रकारांनी आधीच्यांची नक्कल केली, त्यामुळे एकाची चूक दहा जणांकडे दिसते आणि आपल्याला वाटतं, वा, दहा साक्षीदार मिळाले.

२४ ऑगस्ट १८७० च्या रात्री प्रशियन तोफांनी स्ट्रासबुर्गचं ग्रंथालय जाळलं. 'होर्टुस डेलिकिआरुम' हे बाराव्या शतकातलं अनमोल सचित्र हस्तलिखित त्यातच गेलं. शहराच्या इतिहास-संग्रहालयात कागदी सैनिक मात्र आजही आहेत. ग्रंथालयातलं गेलं आणि घराघरांत हौसेने केलेलं उरलं. काय जपायचं हे ठरवणारे आपण कोण, असं वाटून जातं.

मला यातून एवढंच दिसतं, की इंच-सव्वा इंचाच्या शिपायाला निळा कोट चढवणं म्हणजे भूतकाळाबद्दल एक विधान करणं आहे. तो कोट घातलेला कोणी तरी खरा पोरगा होता, आणि बहुतेकांची नावं कुठल्याच संग्रहालयात नाहीत. खेळ खेळावाच, मजा आहे त्यात. पण रंग लावण्याआधी दोन पुस्तकं उघडून बघावीत. त्या पोराचं तेवढं देणं लागतो आपण.

असो. कागद स्वस्त आहे, कात्री घरात असतेच. करून बघा.