चेपलेला मणका व त्यामागील रोग

समजा, बिद्रीच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाडीवरून एखादें मूल पडलें व दुसऱ्या दिवसापासून त्याची पाठ दुखूं लागली. घरचीं माणसें शेक देतात. क्ष-किरणांच्या चित्रांत एक मणका चेपलेला दिसतो आणि कारण सांपडलें असें सर्वांस वाटतें. परंतु निरोगी मुलाचा मणका चिवट असतो. क्षुल्लक पडण्यानें तो सहसा चेपत नाहीं. तेव्हां पडणें हें केवळ निमित्त असून मूळ कारण रोग तर नसेल ना, हा प्रश्न उरतोच.

लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. याचें मूळ माराहून निराळें, हाडाच्या रोगांत आहे, हें त्यांनीं ओळखलें. पण जिवंत माणसाचें हाड पाहण्याचें साधन तेव्हां नव्हतें. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांस १८८२ सालीं सांपडले. मिरजेस डॉ. वानलेस यांचें रुग्णालय १८९४ सालीं उभें राहिलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं जर्मनींत रोंटगेन यांनीं क्ष-किरण शोधले आणि हाड त्वचेआडून दिसूं लागलें.

दिसूं लागलें, तरी लगेच उमगलें नाहीं. फ्रान्सचे जाक काल्व्हे यांनीं १९२५ सालीं मुलांतील नाण्यासारखा चपटा मणका वर्णिला व तो हाडाच्या वाढींतील विकार मानला. १९५४ सालीं अमेरिकेंत कॉम्पेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा मणक्यांचा अंश सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां आंत विशिष्ट पेशींची गांठ आढळली.

आज वैद्य चित्रांत मणक्याबरोबर त्याचा शेजारही पाहतात. क्षय बहुधा लगतचे दोन मणके व त्यांमधील गादी पोखरतो. बाजूस पुवाची छायाही दिसते. पेशींच्या गांठीनें बहुधा एकच मणका चपटा होतो, गाद्या शाबूत राहतात. अनेक मणके चेपलेले व हाडें विरळ दिसलीं, तर रक्ताच्या कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते. एमआरआय या चुंबकीय चित्रणानें हाडांतील मज्जेचा बिघाडही कळतो. अखेरची खात्री मात्र रक्त, मज्जा वा हाडाचा अंश तपासूनच होते.

हे रोग वेळीं ओळखल्यास आज पुष्कळ मुलें बरीं होतात. 'पडलें म्हणून दुखतें' या समजुतींत गेलेले महिने परत मिळत नाहींत. म्हणून मुलाची पाठ दुखतच राहिली, ताप येऊं लागला किंवा पायांतील बळ कमी झालें, तर आईबापांनीं त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें.