शिकलगाराची कानस आणि पाबळचे यंत्र

विजेवर चालणारी गिटार घरी घडवता येते, आणि तिच्यासाठी लागणारी बहुतेक यंत्रे आता एका टेबलावर मावतात, हे कळल्यावर मराठीच्या अध्यापकांनी त्यावर लेख लिहावा, याचे कुणाला नवल वाटेल. आम्हांला या विषयाकडे ओढले ते गिटारने नव्हे, तर एका जुन्या उणिवेने. मराठीत गायक-वादकांची चरित्रे आहेत, बैठकींच्या आठवणी आहेत, घराण्यांचे वाद तर मुबलक आहेत. पण ज्याने वाद्य घडवले त्याच्याविषयी आपली भाषा बहुधा मौनच पाळते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'ने (१९१५) परिचित करून दिलेल्या बलुतेदारांची यादी आठवा. सुतार आहे, लोहार आहे, चांभार आहे; देवळात वाजवणारा गुरवही आहे. वाद्य घडवणारा असा स्वतंत्र बलुतेदार मात्र नाही. तुणतुण्याचे लाकडी नळकांडे एकाने कोरले, त्याच्या बुडाचे कातडे दुसऱ्याने कमावले, तार बाजारातून आली, आणि नाव झाले ते शाहिराचे. कातड्याला हात लावणाऱ्याच्या वाट्याला काय आले, ते वेगळे सांगायला नको.

या मौनाला महाराष्ट्रात एक ठळक अपवाद आहे, तो मिरजेचा. तलवारी, भाले यांना धार लावणारे शिकलगार संस्थानी फौजांबरोबर जगत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी अंमल स्थिरावला, हत्यारांची मागणी ओसरली आणि या कारागिरांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरजेच्या पटवर्धनांचा दरबार गाण्याचा शौकीन होता. उत्तरेकडून आलेल्या गवयांची वाद्ये दुरुस्त करायला माणूस हवा होता. फरीदसाहेब शिकलगार यांनी ते काम हाती घेतले आणि त्यांच्या वंशाचे आडनावच पुढे 'सतारमेकर' झाले. अर्धे फारसी वळणाचे, अर्धे इंग्रजी असे हे आडनाव आम्हांला त्या काळाचा एक छोटा इतिहासग्रंथच वाटते. भोपळे येत ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणीचे, आणि कसब धार लावणाऱ्या हाताचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले, ते स्वतः वाद्यदुरुस्तीत मुरलेले. गायक आणि घडवणारा समोरासमोर बसून तानपुऱ्यावर बोलत आहेत, असे दृश्य या गावाने पाहिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वृत्तपत्रांतून का होईना, घडवणाऱ्यांची नावे छापून आली.

शिकलगाराची विद्या तानपुऱ्यात नेमकी कुठे उतरली? आमच्या मते जवारीत. घोडीचा वरचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता घासायचा, म्हणजे कंप पावणारी तार त्याला चाटून जाते आणि त्या स्पर्शातून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून तो नेमका बसवायचा. हा उतार मोजपट्टीवर वाचता येत नाही. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो. तलवारीची धार डोळ्याने आणि अंगठ्याने पाहणारा हात इथे कानाच्या हवाली झाला.

आता दुसरे गाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ वाचकांना मस्तानीच्या कबरीमुळे ठाऊक असेल. तिथेच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमणाऱ्या ग्रामीण मुलांना हाताने काम करता करता शिकवावे, ही त्यांची धारणा. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड 'जवळपास काहीही कसे बनवावे' अशा मिश्कील नावाचा अभ्यासक्रम १९९८ पासून शिकवीत होते. त्यातून निघालेल्या 'फॅब लॅब'पैकी अगदी सुरुवातीची, अमेरिकेबाहेरची, पाबळला २००२ मध्ये उभी राहिली. संगणकावर आकृती काढायची आणि लेझरने, फिरत्या पात्याने किंवा वितळलेल्या प्लास्टिकच्या थरांनी ती प्रत्यक्षात आणायची, एवढीच त्यामागची कल्पना. पाबळची निकड गिटारची नव्हती. डिझेल इंजिन आणि दुधाची प्रत यांची होती. कलबाग २००३ मध्ये गेले. पुढे २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून असली लहान यंत्रे शाळाशाळांत पोहोचू लागली.

या यंत्रांना वाद्यांपैकी विद्युत गिटारच सोपी का जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. सतारीचा नाद भोपळ्यात आणि लाकडाच्या पातळ तबलीत वाढतो. तिथे जाडीत थोडा फरक पडला की आवाज मेला. विद्युत गिटारचे धड भरीव असते. तारेखाली चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ती वाढवून ध्वनिक्षेपकातून ऐकायची. जॉर्ज बोशँप याने १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिसला हे जमवले. पेटंट मिळाले ते १९३७ मध्ये, ज्या वर्षी अब्दुल करीम खाँ निवर्तले. लंडनमध्ये सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील यांनी १९६३ मध्ये आरंभलेली गिटार तर जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून, मोटरसायकलच्या स्प्रिंगांतून आणि आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांतून झाली. पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदाबरोबर ती जगभर वाजली. कारागिराच्या घरात न जन्मलेल्या मुलाला वाद्य घडवता आले, ते आकार नाद ठरवीत नव्हता म्हणून.

नाद नसला तरी स्वर ठरवणारी एक जागा गिटारमध्ये आहेच, ती पडद्यांची. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ मध्ये एक सोपा नियम सांगितला: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा आणि पडदा बसवा. ६४८ मिलिमीटर तारेवर हा नियम बारा वेळा लावला तर तारसप्तकाचा षड्ज मध्यापासून सुमारे दोन मिलिमीटर ढळतो. आजचा भाजक १७.८१७ आहे, पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर येतो, आणि अर्ध्या मिलिमीटरहून थोडी रुंद अशी खाच यंत्र न चुकता पाडते.

पण हे स्वर कोणाचे? बारा समान तुकड्यांत कापलेल्या सप्तकातला गांधार आपल्या शुद्ध गांधारापेक्षा चढा असतो. त्याच तारेवर समविभागी गांधाराचा पडदा १३३.७ मिलिमीटरवर, तर पाच-चार या प्रमाणाचा १२९.६ वर. चार मिलिमीटरांचा हा फरक तानपुऱ्यासमोर बसलेल्या कानाला सहज खुपतो. याच फरकापायी सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, न्यायाधीश क्लेमंट्स यांच्याबरोबर श्रुति-हार्मोनियमचा ध्यास घेतला, आणि खाँसाहेबांनी त्या प्रयोगांना आपला गळा दिला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मान्यता मिळवू शकली नाही. भातखंडे विरोधात होते. साधी पेटीही १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर निषिद्ध राहिली. सतारीचा पडदा सुताने बांधलेला, म्हणून सरकतो. पेटीचा सूर सरकत नाही, हे भांडणाचे मूळ.

इथे आम्हां दोघांत मतभेद आहे आणि तो मिटवण्याची आम्हांला घाई नाही. आमच्यातल्या एकाला वाटते की देवलांना जे लंडनहून घडवून आणावे लागले, ते आता तालुक्याच्या गावचा विद्यार्थी एका दुपारी कापू शकतो: खाचा हव्या त्या श्रुतीवर पाडा, नको वाटल्या तर दुसरी फळी घ्या. शिवाय यंत्र आडनाव विचारत नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की आडनाव न विचारणारे यंत्र वीजबिल आणि इंग्रजी विचारते, आणि शिकलगाराने कानात साठवलेला उतार कोणत्याही संगणकीय आकृतीत अजून कोणी लिहून ठेवलेला नाही. पहिल्याचे उत्तर: तो लिहिला गेला नाही, कारण लिहिणाऱ्यांनी कधी विचारलाच नाही. हे उत्तर दुसऱ्याला बोचते, कारण लिहिणारे म्हणजे आपणच.

आमच्या भंडाऱ्याचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की हे पितळेचे गाव. जिल्ह्याचे नावही भांड्यांवरून, 'भाणा' या शब्दावरून पडले असे सांगतात. स्टेनलेस स्टील आले आणि ठोक्यांचा आवाज मंदावला. शिकलगारांसारखी दुसऱ्या विद्येची वाट इथल्या कासारांना सापडली नाही. दंडार आणि खडी गंमत इथे अजून रंगते, आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या मंडपात विजेची वाद्ये केव्हाच येऊन बसली आहेत. तिथे इथल्याच सागाच्या फळीची गिटार वाजायला अडचण नाही. फक्त तानपुऱ्याच्या खर्जाची तार तिच्यावर चढवून चालणार नाही. ती तार पितळेची असते, आणि पितळ चुंबकाला ऐकू येत नाही.