मन्सीची ऊब

निविदा हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे माणसं आधी एकमेकांकडे बघून हसतात. कुणाला मिळाली, कितीला मिळाली, कुणाचा कोण लागतो, एवढंच बोलणं होतं. पण एखादी निविदा फसते आणि ती फसली म्हणूनच चांगलं काम उभं राहतं, असंही घडतं. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात मन्सी नावाचं गाव आहे. तिथल्या बॉल स्टेट विद्यापीठाला एक बॉयलर घ्यायचा होता. त्या न घेतलेल्या बॉयलरची ही हकीकत.

त्याआधी गावाची जुनी गोष्ट सांगायला हवी. 1876 साली मन्सीजवळच्या ईटन इथे काही लोक कोळशाच्या शोधात जमिनीला भोक पाडत होते. सहाशे फुटांवर घाण वास आला, आतून आवाज येऊ लागला. घाबरून त्यांनी भोक बुजवलं. दहा वर्षांनी ते पुन्हा उघडून खोल नेलं, तर आतून नैसर्गिक वायू उसळला. मग काय, कारखानदारांची रीघ लागली. बफेलो शहरातले बॉल बंधू, पाच भाऊ, कारखाना आगीत गमावून बसले होते. मन्सीने त्यांना जमीन, पाच हजार डॉलर आणि फुकट गॅस देऊ केला. 1887 मध्ये ते तिथे आले. फळं-भाज्या टिकवायच्या त्यांच्या काचेच्या बरण्या पुढे अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचल्या.

आणि गॅस? तो लोकांनी अक्षरशः जाळला. नळ्यांच्या तोंडाशी पेटवलेल्या मशाली रात्रंदिवस जळत असत. दिवसा विझवण्याची तसदीही कुणी घेत नसे, कारण गॅस फुकट होता. 1891 मध्ये राज्याला कायदा करून या मशालींवर बंदी घालावी लागली. तोवर उशीर झाला होता. विसावं शतक उजाडल्यावर थोड्याच वर्षांत गॅस आटला. बॉल बंधू मात्र टिकून राहिले. 1917 मध्ये त्यांनी गावातली एक बुडालेली अध्यापन-शाळा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी राज्याला देऊन टाकली. तिचंच 1965 मध्ये बॉल स्टेट विद्यापीठ झालं.

तिकडे थंडी म्हणजे स्वेटरवर भागणारी नव्हे. इमारत तापली नाही तर नळातलं पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून मोठ्या विद्यापीठांत एक मध्यवर्ती बॉयलर-घर असतं आणि तिथली वाफ जमिनीखालच्या नळांतून वर्गांत, वसतिगृहांत, प्रयोगशाळांत खेळवली जाते. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत थंडीच्या दिवसांत वुजूच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब पेटत असे. एका बंबावर पहाटेचे सगळे नमाजी. कल्पना तीच, फक्त इथे बंब साऱ्या विद्यापीठाचा. बॉल स्टेटच्या बॉयलरांना वर्षाला सुमारे 36,000 टन कोळसा लागे.

हे बॉयलर म्हातारे झाले. त्यांच्या जागी नव्या तंत्राचा बॉयलर बसवायचा, त्यात कोळशाबरोबर लाकूडफाट्यासारखं जैव इंधनही जाळायचं, असं ठरलं. राज्याकडून पैसा मंजूर झाला. निविदा मागवल्या गेल्या. आकडे आले ते मंजूर रकमेच्या पलीकडचे.

अशा वेळी सरकारी कामात दोन वाटा ठरलेल्या असतात. वाढीव रक्कम मागायची, नाहीतर कामात काटछाट करायची. विद्यापीठाच्या अभियंत्यांनी तिसरंच केलं. इमारती तापवायच्या आहेत, बॉयलर हा काही आपला हेतू नाही, इथून त्यांनी नव्याने विचार सुरू केला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं खरं धाडस इथेच आहे. पुढचं खोदकाम हा मेहनतीचा भाग.

जमिनीत काही फूट खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास स्थिर राहतं. त्यात प्लॅस्टिकच्या नळ्या सोडायच्या, पाणी फिरवत ठेवायचं. उन्हाळ्यात इमारतींतली उष्णता जमिनीच्या पोटात ठेवायची, हिवाळ्यात ती परत काढून यंत्राने वाढवून घ्यायची. घरातला फ्रिज हेच करतो, आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. मे 2009 मध्ये काम सुरू झालं. सुमारे 3,600 बोअर आणि 47 इमारती असा तो पसारा. एकेक बोअर चारशे फूट, दुसऱ्या टप्प्यात पाचशेपर्यंत. सगळी भोकं एकाला एक जोडली तर मुंबईहून निघून कोल्हापूर मागे पडेल.

बोअर मारून घेतलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. खाली खडक लागेल की माती, हे पैसे मोजून झाल्यावर कळतं. कंत्राटातही खरी मेख तीच असते. जमिनीने दगा दिला तर भुर्दंड कुणाचा, हे आधी लिहून घेतलं नाही तर पुढे कोर्टाची पायरी. शिवाय जुनी वाफ बंद करता येत नाही, विद्यार्थी राहतात तिथे. एकेक इमारत वाफेवरून गरम पाण्यावर आणायची आणि तोवर जुनं बॉयलर-घर धगधगतं ठेवायचं. म्हणूनच काम टप्प्याटप्प्यांनी झालं. मार्च 2012 मध्ये पहिल्या टप्प्याचं लोकार्पण झालं, 2014 मध्ये कोळशाचे बॉयलर विझले. एकूण खर्च सुमारे 8.3 कोटी डॉलर. त्यातले 50 लाख केंद्र सरकारचं अनुदान, मोठा वाटा राज्याचा. वर्षाला सुमारे 20 लाख डॉलर वाचतील, असा विद्यापीठाचा अंदाज होता.

आता हिशेब करायचाच तर पुरता करू. पंप आणि यंत्रं विजेवर चालतात आणि त्या काळी इंडियानातली बहुतेक वीज कोळशाचीच होती. म्हणजे विद्यापीठातला धूर गेला, पण थोडा दूरच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघत राहिला. तरी आधीपेक्षा कमी, कारण जमिनीतून मिळणारी उष्णता खर्च होणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते.

कंत्राटाच्या कागदांत ‘ऊब’ हा शब्द कधी नसतो. तिथे दाब, अंश, फूट आणि दिरंगाईचा दंड. बोअर बुजवून वर माती सारखी केली, मैदानांवर पुन्हा हिरवळ लावली. बॉयलर-घरात अडीअडचणीला गॅसवर चालणारे बॉयलर ठेवले. त्यांचा गॅस मन्सीचा नव्हे, बाहेरून नळाने आलेला, मीटर लावून मोजलेला.