माहितीपटातील चौकट

प्रत्यक्ष माणसे, ठिकाणे आणि घटना चित्रित करून रचलेल्या चित्रपटाला माहितीपट किंवा अनुबोधपट म्हणतात. कॅमेरा कुठे लावला, कधी सुरू केला, कोणाला बोलते केले आणि संकलनाच्या टेबलावर काय कापले, यावर प्रेक्षकाच्या हाती येणारे सत्य ठरते. या सगळ्या निवडीला इथे चौकट म्हटले आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न अगदी पहिल्या रिळापासून आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. ती पाहून भारलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. फीत धुवायला लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसाने चित्रित केलेले हे पहिले वास्तव म्हणून ओळखले जाते. पण ती कुस्ती चित्रीकरणासाठीच जुळवून आणली होती, असे चित्रपटाचे इतिहासकार मानतात. पकडी खऱ्या, घाम खरा, प्रसंग मात्र ठरवलेला. याउलट, डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागत सावेदादांनी टिपले. ते कॅमेरा नसता तरी झालेच असते.

जुळवून आणले म्हणजे खोटे, असा सरळ हिशेब मात्र करता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून अनेक दिवस चित्रित केली आणि पडद्यावर ती काही क्षणांत दाखवली. भांडवलदाराला पटवायला ही फीत कामी आली. यात काळाशी उघड लबाडी आहे, पण नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारी वाढ त्या लबाडीमुळेच दिसली. परदेशात रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’साठी (१९२२) बर्फाचे घर अर्धेच बांधून घेतले, कारण पुऱ्या घरात चित्रीकरणापुरता उजेड नव्हता. त्याच चित्रपटातल्या शिकाऱ्यांकडे बंदुका असताना त्यांना भाल्यांनी शिकार करायला लावले, ही गोष्ट मात्र समर्थनाला जड जाते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. मुख्य चित्रपटाआधी त्याची रिळे दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. धरणे, लसीकरण, पंचवार्षिक योजना आणि वर निवेदकाचा भारदस्त आवाज, असा हा ऐवज. त्यात काही उत्तम प्रयोगही झाले. तरी बहुतांशी चौकट सरकारची होती.

माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी ती बदलली. मुंबईतल्या झोपड्या पाडण्याच्या मोहिमेवरील ‘बॉम्बे, अवर सिटी’ (१९८५) या माहितीपटात एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते: गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय? संकलनात ते दृश्य सहज गाळता आले असते. ते ठेवले, आणि कॅमेऱ्याने स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली. मराठी प्रेक्षकाला माहितीपटाची नैतिकता समजावून सांगायची तर व्याख्यानापेक्षा हे एक दृश्य पुरेसे आहे.

याच माहितीपटात शाहीर विलास घोगरे गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १० जण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर काही दिवसांत घोगरे यांनी आत्महत्या केली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, अशी पोलिसांची बाजू होती. पटवर्धन तिथे चित्रीकरण करू लागले ते सुमारे १४ वर्षे. ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा त्यातून निघालेला माहितीपट. एका दिवसाच्या चित्रफितीवर वाद घालता येतो; चौदा वर्षे त्याच वस्तीत जात राहिल्यावर गाणी, सभा, खटला आणि बदललेले पुढारी एकमेकांना तपासू लागतात. चौकट इथे काळाने रुंदावली आहे.

चौकटीची कडा नकाशावरही सापडते. हिंगोली–वाशिम रस्त्यावरचे कनेरगाव नाका हे मराठवाड्याच्या टोकाचे गाव. पुढे वाशिम जिल्हा, म्हणजे विदर्भ. एकेकाळी अलीकडे निजामाचे राज्य होते, पलीकडे वऱ्हाड. कापूस, तूर, सोयाबीन ही पिके दोन्हीकडची. शेतकरी आत्महत्यांवरून केंद्राने २००६ मध्ये जाहीर केलेले ३,७५० कोटींचे पॅकेज मात्र विदर्भातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांपुरते होते. पत्रकार पी. साईनाथ यांच्या सोबतीने फिरणारा दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) आणि नंदन सक्सेना व कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (२०११) हे माहितीपटही विदर्भातच घडतात. दोन्ही प्रामाणिक आहेत. दिग्दर्शकांनी जिथे हाक जास्त तीव्र होती तिथे धाव घेतली, एवढेच. पण सरकारी यादी आणि पडद्यावरची कथा दोन्ही विदर्भापुरत्याच राहिल्या, की नाक्याच्या अलीकडच्या हिंगोलीतला कर्जबाजारी शेतकरी दोन्हींतून सुटतो. त्याच्याबद्दल पडद्यावर एकही खोटे वाक्य बोललेले नसते.