स्पेनचा ‘रोमान्से’ : तोंडातोंडी टिकलेला इतिहास



‘रोमान्स’ म्हटले की डोळ्यांसमोर प्रेमकथा येते. या पाठापुरती ती बाजूला ठेवा. मध्ययुगीन स्पेनमध्ये लॅटिन ही चर्चची आणि विद्वानांची भाषा होती. तिच्यापासून निघालेल्या लोकांच्या बोलीला ‘रोमान्से’ म्हणत. पुढे त्या बोलीतल्या एका विशिष्ट कथागीतालाच हे नाव पडले, आणि अशा गीतांच्या एकूण भांडाराला ‘रोमान्सेरो’ म्हणू लागले.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. एखादी गोष्ट दीर्घकाळ टिकली तर ती कशामुळे टिकली, हा प्रश्न मला आधी पडतो. तोच प्रश्न या पाठात विचारू या. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांच्या तोंडी एखादे गाणे चारशे वर्षे कसे राहते?

रचना : थोडे नियम, भरपूर मोकळीक

रोमान्सेची ओळ आठ अक्षरांची असते. येथे अक्षर म्हणजे उच्चाराचा एक घटक. सम क्रमांकाच्या ओळींच्या शेवटी स्वरांचे यमक येते आणि बहुधा तेच यमक गाण्याच्या अखेरपर्यंत चालते. व्यंजने जुळावी लागत नाहीत. उदाहरणार्थ, ‘मानो’ (हात), ‘ब्लांको’ (पांढरा) आणि ‘काबायो’ (घोडा) हे तिन्ही शब्द येथे एकमेकांशी जुळतात, कारण शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून पुढचे स्वर ‘आ-ओ’ असेच आहेत. विषम ओळी मोकळ्या असतात.

अनेक अभ्यासकांच्या मते जुन्या वीरकाव्यांतील लांब ओळ मधोमध तुटून या दोन छोट्या ओळी झाल्या. श्रोत्यांना आवडलेले प्रसंग मूळ काव्यापासून सुटे होऊन गायले जाऊ लागले. म्हणूनच रोमान्से बऱ्याचदा प्रसंगाच्या मध्यातच सुरू होतो आणि निकाल न सांगता थांबतो.

या रचनेचा फायदा लक्षात घ्या. गाणाऱ्याला एखादा शब्द आठवला नाही, तर त्याच स्वरांचा दुसरा शब्द तेथे चपखल बसतो. गाणे अडत नाही, फक्त थोडे बदलते.

कागदावर पहिली पावले

लिखित स्वरूपात सापडलेला सर्वांत जुना रोमान्से १४२१ सालचा आहे. तो कोणा राजकवीने लिहून ठेवलेला नाही. मायोर्का बेटावरचा जाउमे दे ओलेसा हा विद्यार्थी इटलीत कायद्याचे शिक्षण घेत होता. त्याच्या वहीत हे गाणे मिळाले. तुमच्यापैकी कोणी वहीच्या पानावर गाणे लिहीत असेल, तर ही परंपरा जुनी आहे!

दरबारी विद्वानांना मात्र या गाण्यांची किंमत नव्हती. पंधराव्या शतकाच्या मध्यास सांतियानाच्या मार्केसने कवितेची प्रतवारी लावली. नियम न पाळता रोमान्से रचणाऱ्यांना त्याने सर्वांत खालची पायरी दिली आणि हलक्या दर्जाच्या लोकांनाच ही गाणी आवडतात, असा शेरा मारला.

छपाई आल्यावर चित्र पालटले. एक मोठा कागद दोनदा दुमडून चार पानांची स्वस्त पुस्तिका तयार होई आणि तिच्यातून रोमान्से विकले जात. १५४७-४८च्या सुमारास अँटवर्पमधील मुद्रक मार्तिन नुसियो याने रोमान्सेंचा स्वतंत्र संग्रह काढला. प्रस्तावनेत त्याने चुकांबद्दल वाचकांची क्षमा मागितली आहे. हाती आलेल्या प्रती सदोष होत्या आणि ज्यांनी गाणी सांगितली त्यांची स्मरणशक्ती कमकुवत होती, असे कारण त्याने दिले. त्याच्या दृष्टीने पाठभेद हा दोष होता. हे वाक्य ध्यानात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

१४९२ : गाणी देशाबाहेर जातात

मार्च १४९२ मध्ये राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम काढला. धर्मांतर करा, नाही तर चार महिन्यांत देश सोडा, असा तो पर्याय होता. निघालेल्या कुटुंबांना सोने-चांदी बरोबर नेण्याची परवानगी नव्हती. गाण्यांची झडती कोण घेणार? ही माणसे मोरोक्कोत आणि ऑटोमन साम्राज्यात स्थिरावली. सालोनिका (आजचे थेस्सालोनिकी), इस्तंबूल, सारायेवो, तेतुआन अशा शहरांत त्यांच्या घरांतून लग्नात, पाळण्याशी आणि शोकप्रसंगी रोमान्से गायले जात राहिले. ज्या देशाने हाकलले, त्याचीच भाषा आणि गाणी या सेफार्दी ज्यूंनी चारशेहून अधिक वर्षे सांभाळली.

याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे काउंट आर्नाल्दोसचा रोमान्से. सॅन हुआनच्या सणाच्या सकाळी आर्नाल्दोसला समुद्रावर एक अद्भुत जहाज दिसते. त्यावरचा खलाशी गात असतो. आर्नाल्दोस ते गाणे शिकवण्याची विनंती करतो, पण जो माझ्याबरोबर येईल त्यालाच मी ते सांगेन, असे खलाशी म्हणतो. नुसियोच्या छापील पाठात गाणे येथेच संपते. मोरोक्कोतील सेफार्दींकडे मात्र कथा पुढे जाते : आर्नाल्दोस जहाजावर चढतो आणि तो राजाचा हरवलेला मुलगा असल्याचे उघड होते. छापील कागदाने जे ठेवले नव्हते, ते समुद्रापलीकडच्या कंठांनी ठेवले होते.

१९०० : नदीकाठची बाई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कास्तील प्रांतात तोंडी रोमान्से उरलेच नाहीत, असा समज होता. १९०० साली भाषाशास्त्रज्ञ रामोन मेनेंदेझ पिदाल आणि मारिया गोयरी यांचे लग्न झाले. वीरकाव्यातील सिद हा योद्धा ज्या वाटेने हद्दपारीत गेला, त्या वाटेने प्रवास करायचे दोघांनी ठरवले. ओस्मा येथे एका धोबिणीच्या तोंडून त्यांनी एक अपरिचित गाणे ऐकले. ते राजपुत्र हुआनच्या मृत्यूचे आहे, हे मारिया गोयरीने ओळखले. हुआन हा इसाबेल आणि फेर्नांदो यांचा एकुलता मुलगा. तो १४९७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारला. त्याच्या मृत्यूमुळे पुढे स्पेनची गादी हाब्सबुर्ग घराण्याकडे गेली. या घटनेचा शोक चारशे वर्षे गावातल्या बायका गात होत्या आणि विद्वानांना त्याचा पत्ता नव्हता.

या शोधानंतर दोघांनी आयुष्यभर रोमान्से गोळा केले. एकाच गाण्याचे शेकडो पाठ जमल्यावर मेनेंदेझ पिदाल यांनी सिद्धांत मांडला की, ही कविता पाठभेदांतच जगते. नुसियोने ज्याबद्दल माफी मागितली होती, तोच त्या गाण्याचा श्वास ठरला. प्रत्येक गायिका ऐकलेले पुढे देते आणि देताना त्यात आपले काही मिसळते. सगळे पाठ खरे असतात. ‘मूळ’ पाठ कोणता, हा प्रश्न येथे फारसा उपयोगी पडत नाही.

इतिहासाचे साधन म्हणून

मग इतिहासकाराने अशा गाण्यावर विश्वास ठेवावा का? काय विचारतो, यावर ते अवलंबून आहे. १४३१ मध्ये कास्तीलचा राजा दुसरा हुआन ग्रानादाच्या वेशीपर्यंत पोचला होता. त्यावरच्या रोमान्सेमध्ये राजा शहरालाच लग्नाची मागणी घालतो आणि शहर ती नाकारते. तेथे असा संवाद झाला नाही, हे उघड आहे. पण शत्रूच्या शहराला सन्मानाने वधू मानणारे मन त्या काळी होते, आणि ते गाणे कास्तीलच्या भाषेत गायले जात होते, ही माहिती कुठल्याही तहनाम्यात मिळणार नाही.

शेवटी एक कटू गोष्ट. १९४३ मध्ये नाझींनी थेस्सालोनिकीतून पंचेचाळीस हजारांहून अधिक ज्यूंना, मुख्यतः आउशवित्झला नेले. त्यांतील बहुतेक परत आले नाहीत. त्यांच्याकडच्या काही गाण्यांची नोंद आधी झाली होती आणि काही पुढे अमेरिका व इस्रायलमध्ये पोचलेल्या वृद्ध सेफार्दींकडून ध्वनिमुद्रित करण्यात आली. ती आज आपण ऐकू शकतो. पण ध्वनिफितीतले गाणे बदलत नाही. ते बदलायला ऐकणारे घर लागते, आणि ती घरे उरली नव्हती.

विचारासाठी

तुमच्या घरात किंवा गावात तोंडी चालत आलेले एक गाणे निवडा. ते दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून ऐका, दोन्ही पाठ लिहा आणि फरकांखाली रेघ मारा. त्यातला ‘चुकीचा’ पाठ कोणता, हे ठरवण्याची घाई करू नका. तो फरक कोणत्या घरातून, कोणत्या प्रसंगातून आला असेल, ते गाणाऱ्या माणसालाच विचारा, आणि ते माणूस आहे तोवर विचारा.